डीकम्प्रेशन मशीन की साधी फिजिओ? कंबरेच्या गादीसाठी पैसे भरण्याआधी

पिंपळगावच्या मावसभावाचा फोन आला तेव्हा टोमॅटोचा हंगाम ऐन भरात होता. क्रेट उचलताना कंबरेत चमक निघाली आणि दोन दिवसांत कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरली. एमआरआय झाला. एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली. "दादा, नाशिकला ते मणका ओढायचं मशीन आहे ना, तिथं जाऊ का? नाहीतर ऑपरेशन करावं लागंल म्हणतात."

सगळी गोम त्या 'नाहीतर'मध्ये आहे. मशीनची जाहिरात कायम ऑपरेशनच्या शेजारी लागते: तिकडं चिरफाड, इकडं एक टाकाही नाही. अशी जोडी लावली की मशीन जिंकणारच. पण गादी सरकलेल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. त्यामुळे मशीनला शेजारी उभं करायचं ते गोळ्या, व्यायाम आणि सहा ते बारा आठवड्यांच्या धीराच्या.

मशीनवर नेमकं काय होतं

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः त्या टेबलावर झोपलोय, म्हणून सांगतो. एक पट्टा बरगड्यांखाली आवळतात, दुसरा कमरेखाली. टेबलाचा खालचा भाग मोटरवर हळूहळू सरकतो, ओढ वाढते, काही सेकंद धरून ठेवते, मग सैल सोडते. हातात एक बटण देतात, दुखलं तर दाबायचं. समोरच्या स्क्रीनवर ओढीची रेघ वरखाली होत असते आणि अर्ध्या तासात डोळा लागतो. त्या वेळी खरंच बरं वाटतं. माझं बरं वाटणं पार्किंगमधली गाडी काढेपर्यंत टिकायचं.

साधारण २० ते २८ बैठका सांगतात, पाच-सात आठवड्यांत. तत्त्व असं, की ओढल्यावर गादीतला दाब उतरतो आणि बाहेर आलेला भाग आत खेचला जातो. दाब उतरल्याचं १९९४ मध्ये मोजलं गेलं होतं, पण अगदी मोजक्या रुग्णांत. आणि दाब उतरणं वेगळं, दुखणं जाणं वेगळं.

मुळात हे आपलं जुनं ट्रॅक्शनच, फक्त संगणकाच्या हातात दिलेलं. पायाशी वजनं टांगून झोपवायचे, त्याची पुढची पिढी. माहितीपत्रकावर 'एफडीए मान्यताप्राप्त' असं ठळक लिहिलेलं असतं; एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणारी अमेरिकेची सरकारी संस्था. अशा यंत्रांना मिळणारी ही मान्यता बहुधा 'आधीपासून बाजारात असलेल्या ट्रॅक्शन यंत्रासारखंच आहे' एवढ्यावर मिळते. आजार बरा होतो याचा तो दाखला नाही.

ट्रॅक्शनचा पुरावा तपासला तर चित्र फारसं उत्साहाचं नाही. उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ३२ चाचण्या आणि २,७६२ रुग्ण होते. दुखणं आणि हालचाल यांवर फरक जवळजवळ शून्य. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखी आणि सायटिकासाठी (कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेसाठी) ट्रॅक्शन देऊच नका असं सांगितलं. मशीनवाले म्हणतात, आमचं वेगळं आहे. असेलही. व्यायामाच्या जोडीला मशीन लावल्यावर थोडा जास्त आराम पडल्याचे काही लहान अभ्यास आहेत. पण पैसे घेणाऱ्यानेच ते पटवून द्यायला हवं, आपण नव्हे.

शेजारी ठेवून बघा: फिजिओ आणि वेळ

बाहेर आलेली गादी शरीर स्वतःच जिरवतं, हे कुणी सांगत नाही. २०१५ च्या एका आढाव्यात तुकडा तुटून बाहेर पडलेल्या रुग्णांपैकी ९६ टक्के, आणि गादी फाटून बाहेर आलेल्यांपैकी ७० टक्के लोकांत ती आपोआप आटलेली दिसली. नुसता फुगवटा असेल तर मात्र १३ टक्केच. म्हणजे रिपोर्ट जितका भीतिदायक, तितकी जिरण्याची शक्यता जास्त! आता हिशेब करा: मशीनचा कोर्स दीड-दोन महिन्यांचा. तेवढ्या काळात पुष्कळांची कळ तशीही उतरते. श्रेय मात्र मशीनला जातं.

'आधी आणि नंतर'च्या एमआरआयनेही भुलू नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांतही सुमारे ६० टक्के जणांच्या एमआरआयमध्ये गादीचा फुगवटा दिसतो.

मावसभावाला मी आडगावला नेलं. तिथं मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक संस्थेचं) फिजिओथेरपी कॉलेज आहे, पिंपळगावहून येताना वाटेवरच. फिजिओताईंनी त्याला पालथं झोपवलं आणि हातांवर छाती उचलायला लावली, कंबर ढिली सोडून. दहा वेळा. मग विचारलं, "आता कळ कुठंय?" तो म्हणाला, "पोटरीत कमी झाली, पण कुल्ल्यात जास्त वाटतीय." त्या हसल्या. कळ पायातून वर सरकणं हे सुधारण्याचं लक्षण, मग कंबर थोडी जास्त ठणकली तरी चालेल. उलट कळ खाली उतरू लागली तर तो व्यायाम बंद. हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, म्हणून निदान पहिल्या खेपेला कुणीतरी बघणारं हवं. नंतर घरी चटई पुरते.

खर्च आणि खेपा

पिंपळगाव ते नाशिक साधारण तीस किलोमीटर. २० बैठका म्हणजे जाऊन-येऊन बाराशे किलोमीटर, आणि तेही मोटरसायकलवर वाकून. अर्धा तास गादी मोकळी करायची आणि दोन तास तिला हादरे द्यायचे, याला काय म्हणावं? ओपीडीतल्या बैठकांचे पैसे मेडिक्लेममधून सहसा मिळत नाहीत, तेही आधी विचारून घ्या.

पॅकेज घेऊ नका, हे मात्र ठासून सांगेन. मी पूर्ण पैसे आधी भरले, आठव्या बैठकीनंतर काही फरक पडेना म्हणून थांबलो, आणि उरलेले पैसे आजतागायत आले नाहीत. बैठकीगणिक द्यायला तयार असतील तर पाच-सहा घेऊन बघा, व्यायाम चालू ठेवूनच. हाडं ठिसूळ असतील, गरोदरपण असेल, मणक्यात आधीचे स्क्रू असतील, मणका पुढे सरकलेला असेल किंवा पोटातली मोठी धमनी फुगलेली असेल, तर त्या टेबलाच्या वाटेलाही जाऊ नका.

ऑपरेशन कुठं येतं

मणक्यात देतात त्या इंजेक्शनने काही आठवड्यांचा आराम पडतो, झोप लागते, व्यायाम करता येतो. तेवढंच त्याचं काम. ऑपरेशनबद्दल नेदरलँड्समधली २००७ ची चाचणी बोलकी आहे: २८३ रुग्ण, तीव्र सायटिकाचे. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षभराने दोन्ही गट सारखेच. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावंच लागलं. तेव्हा कामावर लवकर परतायचं आहे की थांबणं परवडतं, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा.

पण पाऊल उचलता येईना, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर तुलना वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मावसभावाचा सध्या पाचवा आठवडा चालू आहे. कळ गुडघ्याच्या वर आलीय. क्रेट अजून त्याचा भाऊच उचलतो. एका स्वयंसेवकाच्या गादीत सेन्सर बसवून १९९९ मध्ये मोजमाप झालं होतं. २० किलोचं ओझं कंबरेत वाकून उचललं तर दाब २.३ मेगापास्कल, गुडघ्यात वाकून उचललं तर १.७, आणि नुसतं उभं राहिलं तर ०.५. टोमॅटोचं क्रेट बरोबर २० किलोचं भरतं. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग त्या भावाला पण आडगावला घेऊन येतो, तोबी कंबरेतनंच वाकतो."