डिझेल गाडीवर स्प्रे मारून 'लीक' दाखवणारा भेटला, तर चावी परत मागा

41,700 रुपये गेले. मेकॅनिकने तोंडी सांगितलेला हिशोब: व्हॅक्यूम पंप 14,500, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) 'रिकंडिशन' 22,000, मजुरी 5,200. आणि बिघाड काय निघाला, तर करंगळीहून बारीक रबरी नळीचं टोक चिरलेलं. नवी नळी 90 रुपयांना आली.

गाडी जुनी, डिझेल. चढावर पिकअप मेलेला आणि ब्रेकचं पेडल मधूनच घट्ट लागायचं. दोन्ही एकदम सुरू झालं की संशय व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून तयार होणाऱ्या पोकळीवर, जातो, एवढं मलाही कळत होतं. पेट्रोल इंजिनाला इनटेकमधूनच (हवा आत घेणाऱ्या मार्गातून) ओढ मिळते, डिझेलला ती मिळत नाही. म्हणून वेगळा पंप असतो आणि ब्रेक बूस्टर (पेडल हलकं करणारा भाग), टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर (टर्बोचा रॉड सरकवणारा भाग), काही गाड्यांत ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) सुद्धा त्याच पंपावर चालतं. म्हणजे मी काही अगदीच अडाणी गिऱ्हाईक नव्हतो. तरी गळ्यात मारलंच.

पहिल्या मेकॅनिकने बोनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि कार्ब क्लीनरचा डबा घेऊन नळ्यांवर फवारत सुटला. मग कान टवकारून म्हणाला, "ऐकलंत? आवाज बदलला. पंप गेलाय, सोबत टर्बोही." आवाज बदललाच नव्हता, आणि बदलणारही नव्हता! ही युक्ती पेट्रोलची. तिथे चिरेतून स्प्रे इनटेकमध्ये ओढला जातो, जळतो आणि रेस हलते. डिझेलच्या व्हॅक्यूम नळीतली हवा पंप ओढून क्रँककेसकडे (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागाकडे) सोडतो, तिचा आयडलशी (उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या चालीशी) काय संबंध? शिवाय तापलेल्या टर्बोशेजारी पेट घेणारा स्प्रे मारायचा म्हणजे कमालच. त्याच क्षणी चावी काढून निघायला हवं होतं. पण पुढचं वाक्य त्याने बरोबर निवडलं: "उद्या ब्रेक लागला नाही तर मला सांगू नका." घरची माणसं रोज ज्या गाडीत बसतात तिच्या ब्रेकवर घासाघीस कोण करेल? तुम्ही केली असती?

तपासणी कशी असते ते आता दुसऱ्या मेकॅनिकने दाखवलं. पंपाच्या तोंडाला व्हॅक्यूम गेज लावला. इंजिन गरम असताना आयडलवर काटा 25 इंचांच्या आसपास जाऊन थांबला, म्हणजे पंप ठीक. मग एकेक फाटा बंद करत गेला. सोलेनॉइडकडून (विजेवर उघडझाप होणाऱ्या व्हॉल्व्हकडून) अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी नळी हातपंपाला जोडली तर काटा चढायचा आणि लगेच घसरायचा. नळी काढून थेट अ‍ॅक्च्युएटरला पंप लावला, तर रॉड सरकला आणि तिथेच धरून राहिला. सगळा उद्योग चहा गार व्हायच्या आत आटोपला.

आणि त्या चिरलेल्या टोकावर काय होतं? काळी इन्सुलेशन टेप, तेलाने सुटून लोंबकळणारी. म्हणजे पहिल्याला लीक नेमका कुठे आहे ते माहीत होतं! टेप मारली, गाडी दोन दिवस पळाली आणि मी खुशीत पैसे मोजले. टर्बोच्या नटांवर जुना गंज जसाच्या तसा, पान्याचा एक ओरखडा नाही. पंपही जुनाच, वरून फक्त पुसलेला. जुने पार्ट मागितले होते मी. "भंगारवाला घेऊन गेला" म्हणे. काम सुरू व्हायच्या आधीच पार्टवर मार्करने खूण करा, फोटो काढा.

पोलीस ठाण्यात गेलो. "ही दिवाणी बाब आहे, आपसात मिटवा." टेपचा फोटो दाखवला तर साहेबांनी विचारलं, "यात टर्बो कुठाय?" ग्राहक तक्रार कक्षात मेकॅनिकचं लेखी मत आणायला सांगितलं. आणलं, तर ते अधिकृत सर्व्हिस सेंटरचं हवं. सर्व्हिस सेंटर म्हणतं, बाहेर उघडलेल्या गाडीवर आम्ही लेखी काही देत नाही. तिथून परत कक्षात. तोवर तक्रार 'निकाली' निघालेली, कारणाच्या रकान्यात लिहिलंय 'तक्रारदाराने पाठपुरावा केला नाही'. माझ्या हातात त्यांचाच पोच शिक्का असलेला कागद होता. खिडकीतल्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, नवीन अर्ज करा.

ब्रेकचं तर घरबसल्या कळतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट झालं की पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टरला ओढ मिळतेय. नाही गेलं तर नळी, तिच्यातला वन-वे व्हॉल्व्ह, मग पंप, याच क्रमाने बघायला लावा. गेज नसलेल्या माणसाला व्हॅक्यूमच्या कामाला हात लावू देऊ नका.

आणि बिलावर प्रत्येक पार्टचं नाव लिहून घ्या. माझ्या बिलावर एकच ओळ आहे, 'इंजिन काम, किरकोळ', आणि तिच्यासमोर 41,700.