कोबो टूलबॉक्स: वावरातल्या सर्वेक्षणाला कितपत कामाचं?

तालुक्याच्या कॉलेजातून अर्थशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान किंवा नर्सिंगचा प्रबंध करायचा म्हटलं की दोन-तीनशे घरांची प्रश्नावली चुकत नाही. मग बारा-बारा पानांचे झेरॉक्स, पावसात चिकटलेले कागद, आणि शेवटी एक्सेलमध्ये नोंदी चढवताना हा एक आहे की सात यावर वाद. कोबो टूलबॉक्स हे साधन नेमकं याच कटकटीवर आहे. ते हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमध्ये, आपत्तीच्या ठिकाणी माहिती गोळा करण्यासाठी तयार झालं. फॉर्म वेबसाइटवर बांधायचा आणि गावात कोबोकलेक्ट या ॲपवर भरायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६च्या चौथ्या फेरीत कागद सोडून संगणकावर आलं. कोबोमुळे तशी सोय एकट्या विद्यार्थ्याला फुकटात मिळते.

साधन चांगलंच आहे, घ्यावं. पण फॉर्म बांधायला सलग तीन-चार दिवस द्यायची तयारी नसेल तर कागदच बरा. कागदावरची चूक समासात दुरुस्त होते, इथली चूक शेवटच्या घरापर्यंत तशीच चालत राहते.

सर्वांत मोठा गुण म्हणजे नेट नसताना काम. भामरागड-एटापल्लीकडे किंवा मेळघाटच्या आतल्या गावांत गुगल फॉर्म उघडतच नाही. कोबोकलेक्टला रेंज फक्त दोनदा लागते, सुरुवातीला फॉर्म उतरवताना आणि शेवटी नोंदी पाठवताना. मधल्या काळात सगळं फोनमध्ये राहतं. अर्धवट फॉर्म ‘ड्राफ्ट’मध्ये जातो, पूर्ण झालेला ‘रेडी टू सेंड’मध्ये. धोकाही इथेच आहे. ॲप काढून टाकलं किंवा सेटिंगमध्ये जाऊन त्याचा डेटा साफ केला की न पाठवलेल्या नोंदी कायमच्या गेल्या. फोन अडकतो म्हणून पोरं ॲप काढून पुन्हा टाकतात, तेव्हा पहिल्याच दिवशी सर्वांना बजावून ठेवावं. संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर ‘रेडी टू सेंड’ रिकामं झालं का, हे प्रत्येक फोनवर डोळ्यांनी पाहावं. बॅटरी सेव्हर चालू असेल तर आपोआप पाठवण्याच्या भरवशावर राहू नये.

फोन जोडताना सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड लागतो. सर्व्हर दोन आहेत, ग्लोबल आणि युरोपियन युनियन. एकावर उघडलेलं खातं दुसऱ्यावर चालत नाही. ‘पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच गफलत असते. क्यूआर कोड वापरला तर ती टळते. ॲप फक्त अँड्रॉइडवर आहे. आयफोनवाल्याला ब्राउझरमधला वेब फॉर्म वापरावा लागतो.

आता फॉर्म. वेबसाइटवर ओढून-टाकून बांधायची सोय आहे, पण तीसच्या वर प्रश्न असतील तर एक्सेलमध्येच बांधून वेबसाइटवर चढवावा. या पद्धतीला एक्सएलएसफॉर्म म्हणतात. एका शीटवर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपी सेंटरवरून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून आणलेली प्रश्नावली फोनवर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसते, ती युनिकोडमध्ये बदलून किंवा नव्याने टाइप करून घ्यावी लागते. प्रश्न दिसायला मराठीत असला तरी त्याचं आतलं नाव (डेटात स्तंभाच्या माथ्यावर येणारं) रोमन अक्षरांत, छोटं आणि स्वतः दिलेलं असावं. इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ केले तर एकही रकाना रिकामा सोडू नये, नाहीतर फोनवर प्रश्नाच्या जागी नुसती आडवी रेघ येते आणि सर्वेक्षक मनाने काहीतरी विचारून मोकळा होतो. मॅकवरचं एक्सेल किंवा वर्ड आपल्या मनाने सरळ अवतरणचिन्हं गोल करतं, त्याने अटीची सूत्रं मोडू शकतात. ते ऑटोकरेक्ट आधीच बंद करावं.

गावाचं नाव कधीही टाइप करायला ठेवू नये. बोरगाव, बोरगांव, बोरगाव खुर्द, शिवाय कुणी इंग्रजीत लिहिलेलं, अशी एकाच गावाची चार गावं होतात. जिल्हा, तालुका, गाव अशी एकात एक उघडणारी यादी ‘चॉइस फिल्टर’ने करता येते. पर्यायाच्या आतल्या नावाला २०११च्या जनगणनेचा सहा अंकी गाव-कोड द्यावा. वडगाव आणि पिंपळगाव विदर्भात किती आहेत याचा अंदाज आल्यावर त्या कोडाची किंमत कळते. शिवाय पुढे जनगणनेचे आकडे जोडताना तोच कामी येतो.

खरी माती होते ती मापांत. कास्तकार एकरात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. ०.८१ हेक्टर म्हणजे दोन एकर. पण सर्वेक्षक सातबारा पाहून एकराच्या रकान्यात ०.८१ टाकतो आणि त्या घराचं एकरी उत्पादन कागदावर अडीच पट होतं. उपाय असा की आधी माप कोणतं ते विचारावं (एकर, गुंठे की हेक्टर-आर), मग आकडा घ्यावा आणि रूपांतर ‘कॅल्क्युलेट’ या आकडेमोडीच्या सोयीवर सोडावं. उत्तर एकरात पडद्यावर दाखवून तिथेच विचारावं, ‘म्हणजे दोन एकर, बरोबर ना काका?’ खतातही तेच. युरियाची बॅग २०१८पासून ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. बॅगांची संख्या घ्यावी, किलो ॲपला काढू द्यावेत. धानपट्ट्यात खंडी, कुडो, पायली यांची मापं ऐकायला मिळतील. तिथे नमुन्यातल्या प्रत्येक गावात एक भरलेलं माप काट्यावर ठेवून आकडा आधी ठरवून घ्यावा. हे कोबो करून देत नाही, कुठलंच ॲप देत नाही.

‘कन्स्ट्रेंट’ म्हणजे आकड्याला घातलेलं कुंपण. ते वापरावं, पण आवळू नये. वय ० ते ११० ठीक आहे. कोरडवाहू कापसाला मात्र एकरी दहा क्विंटलच्या वर ॲप अडून बसलं तर सर्वेक्षक खरा आकडा सोडून दहा टाकून पुढे जाईल. अशा ठिकाणी अडवण्यापेक्षा, आकडा मोठा असेल तर ‘पुन्हा विचारून खात्री केली का?’ हा जादा प्रश्न ‘रेलेव्हंट’ची अट लावून उघडावा. त्या ‘रेलेव्हंट’चीही एक खोड आहे. कर्ज घेतलंय, असं उत्तर देऊन सावकार, बँक, कृषी केंद्राची उधारी असं सगळं भरलं आणि मागे जाऊन ‘घेतलं नाही’ केलं, तर फॉर्म पूर्ण करताना ती सगळी उत्तरं पुसली जातात. उत्तरं भरताना मागे-पुढे करायची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वावर मोजायला ‘जिओशेप’ आहे. धुऱ्यावरून चालत कोपऱ्या-कोपऱ्यावर बिंदू घ्यायचे, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये निघतं. ४,०४७ने भागलं की एकर. रेंज नसतानाही जीपीएस चालतं, फक्त पहिला बिंदू पकडायला वेळ लागतो आणि सागाच्या दाट झाडीत जास्तच लागतो. अचूकता ५ मीटरच्या आत येईपर्यंत थांबावं. तरीही हिशेब करून पाहा: प्रत्येक कोपऱ्यात ४ मीटरची चूक धरली तर चौकोनी एकरात साधारण सहा टक्के फरक पडतो, दहा गुंठ्यांच्या तुकड्यात बारा-तेरा टक्के. छोट्या तुकड्यांना सातबाराच खरा.

धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया. इथे या साधनाची एक सोय फार थोडे लोक वापरतात. प्रत्येक प्रश्नाला आवाजाची फाइल जोडता येते. गावातल्याच एखाद्या बाईच्या आवाजात प्रश्न रेकॉर्ड करायचा, एक्सेलच्या ऑडिओ स्तंभात फाइलचं नाव लिहायचं आणि तीच फाइल प्रोजेक्टच्या मीडिया विभागात चढवायची. नावात एका अक्षराचाही फरक चालत नाही. फॉर्मबरोबर फाइलही फोनमध्ये उतरते, त्यामुळे पाड्यावर नेट नसलं तरी प्रश्न ऐकू येतो. आशाताईंनी जागेवर केलेल्या भाषांतरात प्रश्न दर घरी थोडा बदलतो; हा बदलत नाही. आरोग्याच्या प्रश्नांना याचा उपयोग सर्वांत जास्त.

घरातल्या प्रत्येक माणसाची माहिती ‘रिपीट’ गटात, म्हणजे तेच प्रश्न दर माणसाला पुन्हा उघडतील अशा गटात घ्यावी. डेटा उतरवताना मात्र एक्सएलएस निवडावं, कारण सीएसव्हीमध्ये रिपीट गट येतच नाही. शिवाय कोबोच्या सीएसव्हीत स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम असतो, म्हणून एक्सेलमध्ये सगळी ओळ एकाच रकान्यात गोळा होते. एक्सएलएसमध्ये घर एका शीटवर, माणसं दुसऱ्यावर. दोन्ही जोडायचे तर इंडेक्स आणि पॅरेंट इंडेक्स हे स्तंभ वापरावेत. गाईडला दाखवायच्या आदल्या रात्री हे कळण्यापेक्षा, नमुन्यात नसलेल्या शेजारच्या गावात पाच घरं भरून, उतरवून, एक तक्ता काढून पाहावा. त्यानंतर फॉर्म बदलला तरी प्रश्नाचं आतलं नाव बदलू नये; बदललं की त्याच प्रश्नाचे दोन स्तंभ होतात.

मोफत खात्यात महिन्याला ५,००० नोंदी आणि १ जीबी जागा मिळते. नोंदींची मर्यादा प्रबंधाला पुरून उरते, जागा मात्र फोटोंनी भरते: ३ एमबीचा एक फोटो धरला तर साडेतीनशेच्या आत खेळ खलास. फोटोचा आकार बांधून देणारं ‘मॅक्स-पिक्सेल्स’ १,०२४ केलं की फोटो बराच हलका होतो. सातबाराचा किंवा आधारचा फोटो मात्र घेऊच नये. डेटा परदेशातल्या सर्व्हरवर जातो, हे संमतीपत्रात आणि एथिक्स कमिटीच्या अर्जात स्पष्ट लिहावं. संमतीचा प्रश्न सर्वांत आधी ठेवावा आणि ‘नाही’ म्हटल्यावर फॉर्म तिथेच संपेल अशी अट लावावी.

लांब, मोकळ्या मुलाखतींना हे साधन निरुपयोगी आहे. समोरची बाई नवऱ्याच्या कर्जाबद्दल बोलत असताना फोनच्या छोट्या कीबोर्डवर मराठी बडवत बसलं तर ती दोन वाक्यांत गप्प होते. तिथे वही आणि परवानगी घेऊन लावलेला रेकॉर्डर.