मोठ्या वर्गासाठी क्लिकर संच: दोन सत्रांच्या वापरानंतर

पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या ज्या वर्गाला मी शिकवतो, त्यात दोनशेहून अधिक विद्यार्थी आहेत आणि सत्र संपेपर्यंत त्यांतले बरेच जण दिसेनासे झालेले असतात. त्या वर्गात गेली दोन सत्रे मी क्लिकर संच वापरला. तळहातात मावणारे पाच बटणांचे यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याकडे असते, शिक्षकाच्या लॅपटॉपला एक रिसीव्हर जोडलेला असतो आणि आलेल्या उत्तरांचा स्तंभालेख पडद्यावर दाखवणारे सॉफ्टवेअर सोबत मिळते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ‘गळती कमी होते’ असे ठळक अक्षरांत छापले होते. प्रस्तुत परीक्षण मुख्यतः त्या एका दाव्याचे आहे.

यंत्राविषयी फारशी तक्रार नाही. रेडिओलहरींवर चालत असल्यामुळे जुन्या इन्फ्रारेड संचांप्रमाणे ते रिसीव्हरच्या दिशेने रोखून धरावे लागत नाही, आणि दाबलेल्या बटणाची नोंद झाली की नाही हे छोट्या दिव्यावरून लगेच कळते. बॅटरी संपण्याची वेळ मात्र नेमकी चाचणीच्या दिवशी येते, म्हणून चार-पाच जादा यंत्रे टेबलावर ठेवावी लागतात. सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्यांची नावे चढवणे हे कंटाळवाणे काम आहे. प्रवेश, तुकडीबदल आणि नाव काढून घेणे हे सगळे पहिल्या महिन्यात चालूच असते, त्यामुळे यादी कधीच पूर्ण बरोबर नसते.

संचाचे खरे मोल पहिल्याच आठवड्यात कळले. उभा वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती, असा प्रश्न मी विचारला होता. आदल्याच तासाला गतीची समीकरणे फळ्यावर सोडवून झाली होती, माना डोलल्या होत्या आणि ‘काही शंका?’ या प्रश्नाला नेहमीचे मौन मिळाले होते. पडद्यावर उमटलेल्या आलेखात ‘शून्य’ या उत्तराचा स्तंभ सर्वांत उंच निघाला. वेग शून्य होतो म्हणून त्वरणही शून्य (गुरुत्वाकर्षण तर तिथेही तेवढेच असते), हा गैरसमज जुनाच आहे आणि तो मला पुस्तकी पातळीवर ठाऊकही होता. पण तो माझ्याच वर्गात, माझ्याच शिकवण्यानंतर, इतक्या जणांच्या डोक्यात शाबूत आहे हे मला इतक्या वर्षांत कधी दिसले नव्हते. दोनशे जणांच्या वर्गात शिक्षक पहिल्या दोन रांगांचे चेहरे वाचतो आणि तोच वर्ग समजतो.

आलेख दिसल्यानंतर काय करायचे, याची रीत हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून रुजवली. बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील, तर शिक्षकाने उत्तर न सांगता विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि पुन्हा मत घ्यायचे. ही चर्चा म्हणजे हुशार मुलाकडून उत्तर उसने घेणे, अशी शंका मलाही होती. कोलोरॅडो विद्यापीठातील जनुकशास्त्राच्या वर्गावर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असे आढळले, की गटातील कोणालाही सुरुवातीला बरोबर उत्तर माहीत नसले तरी चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न अधिक जणांना सुटतो. चेंडूच्या प्रश्नावर माझ्या वर्गात झालेला गलका पाहून शेजारच्या खोलीतील सहकारी दार उघडून डोकावून गेले होते, हे जाता जाता नमूद करतो.

आता गळतीकडे वळू. सक्रिय अध्ययनाची, म्हणजे विद्यार्थ्यांनी नुसते न ऐकता तासातच प्रश्न सोडवण्याची किंवा चर्चा करण्याची, पद्धत आणि निव्वळ व्याख्याने यांची तुलना करणाऱ्या २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यात नापास होण्याचे सरासरी प्रमाण व्याख्यानांच्या वर्गात ३३.८ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गात २१.८ टक्के आढळले. फायदा सर्व आकारांच्या वर्गांत दिसला, परंतु तो सर्वाधिक होता ५० किंवा त्याहून कमी विद्यार्थ्यांच्या वर्गात. त्याआधी, २०१३ मध्ये, जेसिका वॉटकिन्स आणि माझूर यांनी दाखवले होते, की भौतिकशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम केवळ व्याख्यानांतून शिकलेल्यांमध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाची शाखा सोडणाऱ्यांचे प्रमाण वर सांगितलेल्या सहाध्यायी-चर्चेच्या पद्धतीने शिकलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. माहितीपत्रकाचा रोख बहुधा अशाच निष्कर्षांकडे असावा. मात्र ते निष्कर्ष शिकवण्याच्या पद्धतीचे आहेत, यंत्राचे नाहीत. नथॅनिएल लॅसरी यांनी २००८ साली एका वर्गाला क्लिकर आणि दुसऱ्याला साधी पुठ्ठ्याची उत्तरपत्रे देऊन हीच पद्धत वापरली, तेव्हा संकल्पना समजण्यात उल्लेखनीय फरक पडला नाही. विक्रेत्याने ही गोष्ट छापली नाही, यात नवल नाही.

माझी स्वतःची चूकही येथे सांगायला हवी. पहिल्या सत्रात मी क्लिकरच्या उत्तरांना उपस्थितीचे गुण जोडले. परिणामी काही विद्यार्थी दप्तरात तीन-तीन यंत्रे घेऊन येऊ लागले आणि गैरहजर मित्रांच्या वतीने इमानेइतबारे बटणे दाबू लागले. बरोबर उत्तरालाच गुण दिल्यावर तर चर्चाच मेली. चुकण्याची किंमत मोजावी लागणार म्हटल्यावर जो तो वर्गातील नामांकित मुलाच्या तोंडाकडे पाहू लागला. दुसऱ्या सत्रात केवळ भाग घेण्याला अगदी थोडे गुण ठेवले, तेव्हा वातावरण पुष्कळ निवळले.

एका सोयीचे मला मनापासून कौतुक वाटते, आणि नेमकी तिचीच जाहिरात कोणी करीत नाही. लागोपाठ दोन आठवडे ज्यांचे एकही उत्तर आले नाही, अशांची यादी सॉफ्टवेअर काढून देते. एलेन सेमूर आणि नॅन्सी ह्युइट यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार विज्ञान सोडून जाणारे विद्यार्थी गुणवत्तेत टिकून राहणाऱ्यांपेक्षा विशेष कमी नसतात आणि निकृष्ट अध्यापनाची तक्रार दोन्ही गटांत आढळते. म्हणजे यादीतले प्रत्येक नाव ‘झेपत नव्हते’ म्हणून गळालेले नसते. यादीतील ज्यांना मी बोलावून घेतले, त्यांपैकी काहींना एकच प्रकरण अडले होते आणि दोनशे जणांसमोर विचारायची लाज वाटत होती. अडचण एवढीच, की यादी यंत्र बनवते आणि भेटी माणसाला घ्याव्या लागतात. वीस-पंचवीस जणांच्या शिकवणी-गटांसाठी साहाय्यक शिक्षक नसतील, तर ही यादी संगणकात पडून राहते. माझ्याकडे पहिल्या सत्राची तशी एक पडून आहे.

तेव्हा घ्यावा की नाही? वर्ग पन्नासच्या आतला असेल तर चार रंगांचे पुठ्ठे पुरतात आणि ते कधी बंद पडत नाहीत. वर्ग मोठा असेल, मतांची मोजणी व नावनिशीवार नोंद हवी असेल आणि प्रत्येक तासाचा जवळजवळ तिसरा हिस्सा चर्चेसाठी सोडण्याची, म्हणजेच काही भाग विद्यार्थ्यांना घरी वाचायला सांगण्याची, शिक्षकाची तयारी असेल, तर संच घेण्यास हरकत नाही. वर्गाचा आकार कमी करणे टाळण्यासाठी व्यवस्थापन तो देऊ करीत असेल, तर मात्र साहाय्यक शिक्षकांची मागणी त्याच अर्जात लिहावी. मी पुढच्या सत्रासाठी तसा अर्ज केला आहे. जादा बॅटऱ्या मंजूर झाल्या आहेत.