घरच्या डेबियनवर एड: सात महिन्यांनंतर

डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर चालणारा जुना डेस्कटॉप हाच आमच्या घरचा सर्व्हर. पंधरा वर्षांचे फोटो, घराची कागदपत्रं, आईबाबांच्या तपासण्यांचे स्कॅन, सगळं त्यावर. सात महिन्यांपूर्वी त्यावर एड (AIDE) बसवलं, फाइली गुपचूप बदलल्या तर सांगणारा प्रोग्राम. १९९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात ट्रिपवायर हा असाच प्रोग्राम तयार झाला, त्याला मोफत पर्याय म्हणून पुढे आलेलं हे साधन. प्रत्येक फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला, ठशासारखा आकडा), मालक, परवानग्या आणि वेळा एकदा डेटाबेसमध्ये टिपून ठेवायच्या, मग रोज ताडून पाहायच्या. बस्स, एवढंच काम.

बसवायला काहीच लागत नाही. डोकेदुखी नंतर. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी शेकडो ओळींचा रिपोर्ट: लॉग, कॅशे, ब्राउझरचं प्रोफाइल, म्हणजे आपोआप बदलत राहणाऱ्या फाइली. चौथ्या दिवशी मी तो उघडणंच सोडलं. मग हात आखडता घेतला आणि फक्त सिस्टिमचे प्रोग्राम, सेटिंगच्या फाइली, फोटो आणि कागदपत्रं ठेवली. आता बहुतेक दिवशी रिपोर्ट कोरा असतो, म्हणून वाचला जातो.

वगळायचा पाथ (फाइलचा पत्ता) एडच्या सेटिंगमध्ये उद्गारचिन्ह लावून लिहितात, पण तो रेजेक्स असतो, म्हणजे नेमकं नाव नाही तर जुळणीचा नमुना. मी 'डॉक' नावाचा टाकाऊ फोल्डर वगळला आणि शेवटी, नाव इथेच संपतं हे सांगणारं डॉलरचं चिन्ह टाकलं नाही. 'डॉक्युमेंट्स'ही गुपचूप वगळला गेला. दोन आठवडे पत्ता नाही!

सिस्टिम अपडेटच्या दिवशी आधी एडची तपासणी, मग अपडेट, मग नवा डेटाबेस. तो जुन्याच्या जागी आपणच ठेवायचा, नाहीतर उद्या तेच रडगाणं. डेटाबेसची एक प्रत पेनड्राइव्हवर, एरवी काढून ठेवलेली, कारण रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं, हाती लागलेला माणूस डेटाबेसही बदलेल.

घुसखोर अजून एकही सापडलेला नाही. पाचव्या महिन्यात मात्र तीन जुन्या फोटोंचे हॅश बदललेले दिसले. आकार तोच, बदलाच्या वेळा त्याच. म्हणजे फाइलवर कोणी लिहिलेलंच नाही. डिस्क गेली असं वाटलं, पण डिस्क स्वतःची करते त्या स्मार्ट तपासणीत काही निघालं नाही. एड पुन्हा चालवलं तर ते तिन्ही फोटो ठीक आणि भलतेच दोन बिघडलेले! तेव्हा ट्यूब पेटली. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला, सकाळी पडदा लाल. दोनपैकी एक रॅम खराब होती. डिस्कवरचे फोटो शाबूत होते, वाचताना चुकत होते.

ती रॅम काढली, पण एक किडा डोक्यात राहिला. त्या काळात मोबाइलवरून उतरवलेले फोटो उतरतानाच बिघडले असतील, तर एडने तोच हॅश खरा मानून टिपला असणार. त्याच्या लेखी सगळं आलबेल. नशिबाने मूळ फोटो मोबाइलमध्ये होते. सगळे पुन्हा उतरवून जुन्यांशी ताडले. दोन वेगळे निघाले, त्यातल्या एकाचा खालचा अर्धा भाग नुसता करडा.