मोठी पेट्रोल गाडी, आठ महिने: टाकी टू टाकीचा हिशोब

आठ महिने आणि नऊ हजार किलोमीटर झाले, आता ठामपणे लिहायला हरकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सेकंडहँड घेतलेली सात सीटची मोठी एसयूव्ही. २.७ लिटरचं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, रिकामी असतानाच वजन पावणेदोन टनांच्या आसपास. आज जुलै २०२२ संपतोय. एवढ्या दिवसांत १,११८ लिटर पेट्रोल गेलं, म्हणजे सव्वा लाखाच्या वर रुपये. सरासरी काढली तर लिटरला आठ किलोमीटर, किलोमीटरला चौदा रुपये.

हे आकडे डॅशबोर्डच्या स्क्रीनवरचे नाहीत. स्क्रीन आमच्या गाडीत दर वेळी अर्धा-पाऊण किलोमीटर जास्त दाखवते. मी पहिल्या दिवसापासून एक वही गाडीत ठेवली आहे. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्य. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं आणि झालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागायचं. पंपावरची मुलं कट झाल्यावर सवयीनं विचारतात, "मॅडम, राउंड फिगर करू?" आणि हात नोझलवर गेलेलाही असतो. नाही म्हणायचं. वरून ओतलेलं ते दीड-दोन लिटर त्या टाकीचा आणि पुढच्या टाकीचा, दोन्ही हिशोब बिघडवतं. सुरुवातीला माझ्या दोन नोंदी त्यातच वाया गेल्या.

गाडी एवढी मोठी का घेतली ते आधी सांगते. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे बदलले. आमच्या जुन्या छोट्या गाडीत बसताना ते अक्षरशः खाली पडायचे आणि उतरताना दोघांनी हात देऊन ओढावं लागायचं. त्यांचा चेहरा बघवत नसे. या गाडीची सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला येते. खांबावरचं हँडल धरतात, आधी आडवे बसतात, मग एकेक पाय आत घेतात. कुणाची मदत लागत नाही. पहिल्या दिवशी ते असे स्वतःचे स्वतः बसले आणि दार ओढून घेतलं, तेव्हा माझ्या सासूबाई पार्किंगमध्येच रडायला लागल्या. पुढे पेट्रोलबद्दल जे काही लिहिते आहे, ते हे सगळं जमेला धरून वाचावं.

डिझेल का नाही, असं सगळे विचारतात. त्याच वर्षाची डिझेल गाडी अडीच लाखांनी महाग मिळत होती. आमचं रनिंग महिन्याला हजार-अकराशे किलोमीटर. डिझेलमध्ये किलोमीटरमागे पाचेक रुपये वाचले असते असं धरलं, तरी अडीच लाख वसूल व्हायला चारेक वर्षं लागतात. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. चुकलं ते दुसरीकडे. विकणाऱ्यानं "शहरात दहा देते" असं सांगितलं आणि आम्ही ते धरून चाललो. शहर म्हणजे कुठलं शहर, हे विचारलंच नाही.

माझं शहर म्हणजे मुलुंड ते मरोळ, घर ते ऑफिस. जायचे सतरा किलोमीटर, यायचे सतरा, बहुतेक सगळा मार जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर. मेट्रोचं काम चालू, पवईला रस्ता चिंचोळा, संध्याकाळी आयआयटीच्या अलीकडे वीस-वीस मिनिटं गाडी जागची हलत नाही. या रस्त्यावर माझं ॲव्हरेज ६.८ आलं. जूनच्या एका पावसाळी आठवड्यात ५.९ सुद्धा आलं. आणि हीच गाडी हायवेला साडेदहा देते. म्हणजे एकाच गाडीच्या दोन किमती आहेत, आणि महाग किंमत आपण मोजतो ती उभं राहण्यासाठी. पावणेदोन टनांची गाडी सिग्नलला थांबवली की कमावलेला सगळा वेग ब्रेकमध्ये जातो, आणि पन्नास मीटर पुढे सरकायला पुन्हा तेवढंच पेट्रोल. नुसती उभी असली, तरी एवढं मोठं इंजिन एसीसकट तासाला लिटरच्या आसपास पितं. सासऱ्यांच्या फिजिओथेरपीच्या वेळी मी खाली एसी लावून गाडीत बसायचे. आठवड्याला तीनदा, पाऊण-पाऊण तास. महिन्याला हजार रुपये तिथेच जात होते. आता वर जाऊन बाकावर बसते.

दराचं सांगायचं तर, गाडी घेतली तेव्हा मुंबईत पेट्रोल १०९.९८ होतं. नोव्हेंबरात केंद्रानं उत्पादन शुल्क पाच रुपयांनी कमी केलं होतं, त्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ आकडा जागचा हलला नाही. रोज दर बदलण्याची पद्धत जून २०१७ पासून आहे, तरी हलला नाही. फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, कच्चं तेल भडकलं आणि आपलं तर ८५ टक्क्यांच्या आसपास तेल बाहेरून येतं. तुंबलेलं सगळं २२ मार्चपासून सुटलं. बहुतेक दिवशी ऐंशी-पंच्याऐंशी पैसे. सोळा दिवसांत चौदा वेळा दर वाढला. ६ एप्रिलला मुंबईत १२०.५१. परभणीला माझी मावसबहीण असते, तिच्याकडे १२३ च्या पुढे गेलं होतं, कारण टँकर मनमाडहून यायचा आणि त्याचं भाडं दरात. माझ्या वहीत त्या पंधरवड्याच्या तीन नोंदी आहेत, तिन्हींचा दर वेगळा. ऑफिसला एक फेरी करून यायला ६०० रुपये लागत होते, टोल नाही, पार्किंग नाही, नुसतं पेट्रोल.

मे महिन्यात पेट्रोलवर २२ हजार गेले. गाडीचा हप्ता १९,४०० आहे. पेट्रोल हप्त्याच्या वर गेलं, त्या रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. गाडी विकायची का, इथपर्यंत बोलणं गेलं. नवरा म्हणाला, सीएनजी बसवू. मी चौकशी करून आले. सिलिंडर ठेवला की मागची सीट जाते, आणि ती सीटच नसेल तर एवढी गाडी ठेवायची कशाला? शिवाय सीएनजीसुद्धा थांबलेलं नाही: १ एप्रिलला राज्यानं व्हॅट कमी केला म्हणून मुंबईत ६० रुपये किलोला आलं आणि जुलैत ८० झालं.

मग मी एक काम केलं. वहीतले किलोमीटर वेगळे काढले: मी एकटी असलेले आणि घरचे सगळे असलेले. महिन्याचे साडेपाचशे-सहाशे किलोमीटर मी एकटी होते, सहा सीट रिकाम्या. आणि तेच किलोमीटर सगळ्यात महाग, सतरा-अठरा रुपयांचे. सासऱ्यांना नेण्या-आणण्याचे शहरातले किलोमीटर महिन्याला शंभरही भरत नाहीत. गाडी ज्या माणसासाठी घेतली त्याच्यावर खर्च होतच नव्हता, तो माझ्या एकटीच्या ऑफिसवर होत होता. हे मला फार लागलं. जूनच्या मध्यापासून मी मुलुंडहून घाटकोपर लोकल आणि तिथून मेट्रोनं मरोळ नाका अशी जाते. पाऊस आणि गर्दीचा त्रास आहेच, घाटकोपरचा पूल सकाळी नऊला चढणं सोपं नाही. पण वेळ गाडीपेक्षा वीस मिनिटं कमी लागतो आणि जुलैचं पेट्रोलचं बिल साडेपाच हजारांवर आलं.

गाडीवर केलेल्या प्रयोगांपैकी उपयोगी पडलं ते एवढंच. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. आमच्या दोन टायरमध्ये सहा पॉइंट कमी निघाली होती. आधीच्या मालकानं टपावर लोखंडी कॅरिअर लावला होता, तो काढला. हायवेचं ॲव्हरेज दोन्ही मिळून पाऊण किलोमीटरनं सुधारलं. वेगाचा फरक मात्र फार मोठा आहे. एक्सप्रेसवेवर शंभरच्या मर्यादेला चिकटून चालवली तर ९.६, ऐंशी-पंच्याऐंशीवर ठेवली तर ११.४. एवढं उंच, चौकोनी धूड हवेतून ढकलायचं म्हटल्यावर वेग थोडा वाढला तरी हवेचा विरोध फार वाढतो. प्रीमियम पेट्रोलच्या तीन टाक्या टाकून पाहिल्या, वहीत काहीही फरक पडला नाही. साधंच टाकावं.

गावचा प्रवास ही या गाडीची खरी जागा. राजापूरला आमचं घर आहे, एकेरी पावणेचारशे किलोमीटर. मे महिन्यात गेलो तेव्हा परशुराम घाट रुंदीकरणासाठी दुपारी १२ ते ५ बंद असायचा, म्हणून पहाटे साडेतीनला निघालो. चौपदरीकरणाचे तुकडे, मध्येच खडी, मध्येच खोदलेलं. छोट्या गाडीत सासरे अशा रस्त्यावर दर अर्ध्या तासाला थांबायला सांगायचे. या वेळी ते खेडपर्यंत झोपले. सहा माणसं, सामान, येताना आंब्याच्या सात पेट्या, तरी ॲव्हरेज दहाच्या वर. जाऊन-येऊन आणि गावातलं फिरणं धरून बारा हजारांचं पेट्रोल, माणशी दोन हजार. सहा माणसांना, त्यातल्या एकाचे गुडघे बदललेले, दारातून दारात नेण्याचा हा खर्च मला जड वाटत नाही.

राजापूरला आमच्या वाडीत कुणी सांगितलं की गोव्यात दहा रुपयांहून स्वस्त आहे, तिकडून टाकी भरून आणा. बांद्याच्या माणसाला ते परवडतं, गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी त्याच्या दारात आहे. आम्हाला जायचे शंभरावर किलोमीटर. सातशे-आठशे रुपये वाचवायला दोन हजारांवर पेट्रोल जाळायचं, त्याला अर्थ नाही.

बाकी गाडीचं काय? सर्व्हिस एकदा झाली, खर्च अपेक्षेइतकाच. तिसऱ्या रांगेला एसी चांगला येतो, पण मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात, ती जागा मुलांचीच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरसे मिटल्याशिवाय दार उघडत नाही. इंजिन मात्र अतिशय शांत आहे.

एक राग आहे, तो गाडीवर नाही. २२ मे रोजी केंद्रानं शुल्क लिटरला आठ रुपयांनी कमी केलं आणि एका रात्रीत मुंबईचा दर १११.३५ झाला. १५ जुलैला राज्यानं पाच रुपये सोडले, १०६.३१ झाला. म्हणजे सोडता येत होते. २०२२ च्या त्या कपातीनंतरही केंद्राचे १९.९० रुपये प्रत्येक लिटरमध्ये राहिले होते, वर राज्याचा व्हॅट वेगळा. माझी गाडी मोठी आहे, मी फेऱ्या कमी केल्या. माझ्या भाजीवाल्याचा टेम्पो दर वाढला म्हणून एपीएमसीला एक दिवसाआड जाऊ शकत नाही. त्याचे एप्रिलमधले पैसे कुणी परत केले नाहीत.

कुणी अशी गाडी घ्यायला निघालं असेल, तर शोरूममध्ये किंवा मालकाला ॲव्हरेज विचारू नका. आधी स्वतःच्या महिनाभराच्या फेऱ्या लिहून काढा, कुठे आणि किती माणसं घेऊन. रोज एकट्यानं ट्रॅफिकमधून जायचं असेल तर ही गाडी घेऊ नका, पैसे असले तरी घेऊ नका. घरात उठबस अवघड झालेलं माणूस असेल आणि ऑफिसला जायची दुसरी सोय असेल, तर जरूर घ्या. आम्ही विकत नाही आहोत.

गणपती ३१ ऑगस्टला आहेत. २८ ला पहाटे निघायचं ठरलंय, या वेळी नणंदेची मुलगीही येतेय, म्हणजे सातही सीट भरल्या. टाकी आदल्या रात्री फुल करायची आहे, पहिल्या कटपर्यंत.