लॅपटॉप सुरूच होत नाही : राजारामपुरीतले दुकान, कंपनीचे केंद्र की नवे यंत्र?

गेल्या जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या पुतणीचा लॅपटॉप प्रकल्प सादर करण्याच्या आठ दिवस आधी बंद पडला. घरात लगेच तीन मते झाली. एकाचे म्हणणे कंपनीच्या अधिकृत केंद्रातच द्यावा, दुसऱ्याचे म्हणणे राजारामपुरीत ओळखीच्या दुकानात टाकावा, आणि तिसऱ्याच्या मते जुन्यावर पैसे घालण्यापेक्षा नवाच घ्यावा. या तीनही वाटा आपापल्या जागी बरोबर आहेत, मात्र त्यांतली कोणती धरायची हे दोन गोष्टींवरून ठरते : यंत्रात नेमके काय बंद पडले आहे आणि आत अडकलेली माहिती किती मोलाची आहे. या दोन प्रश्नांची निम्मी उत्तरे घरबसल्या मिळतात, म्हणून तुलनेची सुरुवात तिथूनच केली पाहिजे.

‘सुरू होत नाही’ या तक्रारीत दोन अगदी वेगळे बिघाड दडलेले असतात. पहिल्यात यंत्राला वीजच मिळत नाही : दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज येत नाही. दुसऱ्यात यंत्र आतून चालू होते, पण पडद्यावर काही उमटत नाही. हे ओळखण्यासाठी बटण दाबून मिनिटभर थांबावे आणि कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. तो लागत-विझत असेल तर मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बहुतांशी शाबूत आहे. मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरावा. अस्पष्ट चित्र दिसले तर पडद्यामागचा प्रकाश गेलेला असतो. एचडीएमआयची वायर घरच्या टीव्हीला जोडून चित्र येत असेल तर पडदा, त्याची वायर किंवा बिजागरीजवळची जोडणी यांतच दोष आहे, आणि असे काम राजारामपुरी, शाहूपुरी किंवा लक्ष्मीपुरीतल्या कोणत्याही चांगल्या दुकानात होते. दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल किंवा बीप वाजत असतील तर त्या मोजून लिहून ठेवाव्यात. तो कंपनीने ठरवलेला संकेत असतो आणि रॅम, प्रोसेसर की बोर्ड हे त्यावरून कळते.

वीजच नसेल तर आधी अ‍ॅडाप्टरकडे पाहावे. भिंतीतला सॉकेट दुसरे काही लावून तपासावा, एक्स्टेंशन बोर्ड टाळावा. गोल पिनचा अ‍ॅडाप्टर असेल तर त्यावर छापलेले १९ किंवा १९.५ व्होल्ट मल्टिमीटरवर मिळतात का ते कोणताही इलेक्ट्रिशियन पाहून देईल. टाइप-सी अ‍ॅडाप्टरला ही कसोटी लागू पडत नाही, कारण लॅपटॉपशी संकेतांची देवाणघेवाण झाल्यावरच तो २० व्होल्ट देतो आणि तोपर्यंत शून्य किंवा फार तर ५ व्होल्ट दाखवतो. त्यामुळे मीटरवर एवढेच पाहून तो बिघडला असे समजू नये. मोबाइलच्या १८ वॅटच्या चार्जरवर लॅपटॉप जागा झाला नाही तर त्यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण बऱ्याच लॅपटॉपना ४५ ते ६५ वॅट लागतात. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर योग्य अ‍ॅडाप्टर लावून अर्धा तास वाट पाहिली पाहिजे.

यानंतरचा उपाय सर्वांत सोपा आहे आणि तो न करताच अनेक जण दुकानाची पायरी चढतात. अ‍ॅडाप्टर, माउस, पेनड्राइव्ह सगळे काढावे, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढावी, आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. लॅपटॉप बंद असतानाही आतला एक छोटा नियंत्रक जागा असतो. बटणाचा हुकूम तोच घेतो आणि पुढची वीज तोच सोडतो. विजेच्या चढउतारात तो कधी अडकून बसतो, आणि शिल्लक भार उतरला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नंतर फक्त अ‍ॅडाप्टर लावून पाहावे. मात्र टचपॅड वर उचललेला दिसत असेल किंवा खालचे झाकण फुगलेले असेल तर बॅटरी फुगली आहे. अशा वेळी काहीही दाबू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. लिथियमच्या फुगलेल्या बॅटरीला पेट घ्यायला वेळ लागत नाही.

हमी शिल्लक असेल तर याहून पुढे घरी काही करू नये आणि दुसऱ्या कोणाला यंत्र उघडूही देऊ नये. तिथे अधिकृत केंद्राला पर्याय नाही. आपल्या कंपनीची तपासणी कोल्हापुरातच होणार की यंत्र पुण्याला जाणार, आणि त्याला किती दिवस लागतील, एवढे आधी विचारावे. पाणी सांडून झालेला बिघाड नेहमीच्या हमीत बसत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते.

हमी संपल्यावर मात्र तुलना खरी रंगते. अधिकृत केंद्र आणि चिप लेव्हलचे काम करणारे दुकान यांच्या पद्धतीतच मूलभूत फरक आहे. केंद्रात बिघडलेला भाग ओळखतात आणि तो अख्खा बदलतात, म्हणजे मदरबोर्डवरचा एक आयसी (छोटी चिप) जळाला तरी अंदाजपत्रक पूर्ण बोर्डाचे येते. त्या बदल्यात भाग कंपनीचा मिळतो, पावती मिळते आणि बदललेल्या भागाची हमी मिळते. दुकानदार बोर्डावरचा नेमका घटक शोधून तेवढाच बदलतो. खर्च कमी येतो, परंतु सगळे त्या एका माणसाच्या हातावर आणि संयमावर अवलंबून राहते.

पुतणीच्या लॅपटॉपच्या बाबतीत एक खूण आम्हाला घरीच दिसली होती. अ‍ॅडाप्टर भिंतीला लावला की त्याचा हिरवा दिवा लागायचा, आणि पिन लॅपटॉपमध्ये घातली की तत्क्षणी विझायचा. पिन काढून अ‍ॅडाप्टर जरा वेळ बाजूला ठेवला की दिवा पुन्हा लागायचा. अ‍ॅडाप्टर ठीक असून पुढे कुठेतरी शॉर्ट सर्किट आहे आणि तो स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो आहे, असा त्याचा अर्थ. केंद्राने बोर्ड बदलण्याचा अंदाज दिला होता. राजारामपुरीतल्या दुकानात त्या कारागिराने बोर्ड बाहेर काढला, टेबलावरच्या पॉवर सप्लायची तार जोडली आणि आकडा आम्हाला दाखवला. बटण न दाबता धड असलेला बोर्ड अँपिअरचा अगदी किरकोळ अंश घेतो. इथे मात्र तार लागताच करंट ठरवलेल्या मर्यादेला जाऊन भिडला आणि व्होल्टेज कोसळले. मग त्याने व्होल्टेज अगदी कमी ठेवून बोर्डावर झटकन उडून जाणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरले. सगळा बोर्ड ओला चमकत असताना एक मोहरीएवढा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) सर्वांत आधी कोरडा पडला, कारण शॉर्टचा सगळा करंट त्याच्यातून जात होता आणि तोच तापत होता. तो काढला, तसा दुसरा बसवला, आणि यंत्र त्याच दिवशी सुरू झाले.

एवढ्यावरून प्रत्येक दुकान असेच आहे असे समजण्याचे कारण नाही. चाचपणी न करता ‘आयसी गेली’ असे पहिल्या मिनिटाला सांगणारा आणि बोर्डावर अंदाजाने हीटगन फिरवणारा कारागीर भेटला तर सुधारण्याजोगा बोर्ड कायमचा जातो. म्हणून मी दुकानाची पारख एकाच प्रश्नावर करतो : दोष कुठे आहे हे दाखवाल का? जो मीटरवर किंवा सप्लायवर दाखवतो, त्याच्याकडे काम द्यावे. तपासणीचे पैसे वेगळे मागितले तरी ते आनंदाने द्यावेत.

निवडीचा दुसरा धागा आतल्या माहितीचा आहे आणि कित्येकदा तोच निर्णायक ठरतो. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी पट्टी, एका स्क्रूवर बसवलेली असते. ती काढून यूएसबीच्या डबीत घातली की दुसऱ्या संगणकावर वाचता येते. मात्र ड्राइव्हवर बिटलॉकरचे, म्हणजे माहिती सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजमधल्या सोयीचे, कुलूप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते, आणि नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप अनेकदा मालकाच्या नकळत आधीपासून लावलेले असते. केंद्राने बोर्ड बदलला की नवा बोर्डही हीच की मागतो. म्हणून यंत्र कुठेही देण्याआधी मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की आहे का ते पाहून घ्यावे. अ‍ॅपलच्या अलीकडच्या मॅकबुकमध्ये परिस्थिती आणखी अवघड आहे. तिथे साठवण बोर्डावरच असते आणि त्याच बोर्डावरच्या चिपशी कुलूपबंद असते. बॅकअप नसेल तर बोर्ड बदलणे म्हणजे माहितीवर पाणी सोडणे. अशा वेळी मूळ बोर्ड जिवंत करणारा चिप लेव्हलचा कारागीर हीच एकमेव वाट उरते, मग खर्च थोडा जास्त आला तरी चालेल.

पाण्यात गेलेल्या यंत्राचा विचार कोल्हापूरकरांनी वेगळाच करावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शाहूपुरीसारख्या भागात घरांत शिरले, आणि भिजलेले लॅपटॉप उन्हात वाळवून सुरू करून पाहणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. बाहेरून कोरडे दिसणाऱ्या बोर्डावर, चिपच्या खाली, गाळ आणि क्षार तसेच राहतात, आणि वीज मिळाली की तिथे गंज वेगाने धरतो. तांदळाच्या डब्यात ठेवूनही हा गाळ निघत नाही. भिजलेले यंत्र एकदाही सुरू न करता, बॅटरीची जोडणी सोडवून, लवकरात लवकर अल्ट्रासॉनिक यंत्राने बोर्ड धुणाऱ्या दुकानात न्यावे. या बाबतीत केंद्रापेक्षा दुकान सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवे यंत्र घेण्याचा निर्णय दुरुस्तीचा अंदाज हातात आल्यावर करावा, आधी नव्हे. खर्च तशाच नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या आसपास गेला तर मी थांबतो. दुसरा निकष वयाचा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा जुन्या यंत्रावर बोर्डाचा खर्च करण्यापेक्षा त्याची एसएसडी काढून घ्यावी आणि पैसा नव्यात घालावा. पण बिघाड अ‍ॅडाप्टरचा, चार्जिंगच्या जॅकचा किंवा निसटलेल्या रॅमचा असेल तर सात-आठ वर्षांचे यंत्रही दुरुस्त करण्याजोगे आहे, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून ते घरच्या मुलांना अभ्यासाला पुरते.

यंत्र देताना सीरियल नंबर, रॅम आणि एसएसडीची क्षमता, सोबत दिलेला अ‍ॅडाप्टर आणि तक्रारीचे नेमके स्वरूप पावतीवर लिहून घ्यावे. ‘आधी अंदाज, मग संमती, मग काम’ हेही त्याच कागदावर यावे, आणि दुरुस्तीची हमी किती दिवसांची ते आकड्यात असावे. बदललेला जुना भाग परत मागावा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे हीच पावती कामी येते.