चांदोदच्या होडीसाठी बायोडिझेल की बॅटरी?

बडोद्याहून जाऊन चांदोदला स्वतःची होडी ठेवणाऱ्यांपुढे आज दोन मार्ग आहेत. एक, असलेल्या डिझेल इंजिनात बायोडिझेल, म्हणजे खाद्यतेलावर प्रक्रिया करून केलेले डिझेलसारखे इंधन, भरणे. दुसरा, इंजिन उतरवून विजेची मोटर आणि लिथियम बॅटरी बसवणे. आम्ही भागीदारांनी दोन्ही वापरले आहेत, आणि नर्मदेत धुराचे इंजिन नको याविषयी आमच्यात कधीच दुमत नव्हते.

शांततेच्या बाबतीत बॅटरीला तोड नाही. त्रिवेणी संगमावर अस्थिविसर्जनासाठी आलेल्या कुटुंबाला गुरुजींचे मंत्र स्पष्ट ऐकू यावेत, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मोटर घ्यावी असे मला अनेकदा वाटले. शिवाय पाण्यावर तेलाचा तवंग येत नाही, आणि देखभाल जवळजवळ नाहीच.

तरीही निर्णय बायोडिझेलकडे फिरला तो परतीच्या प्रवासामुळे. वरच्या बाजूला सरदार सरोवराचे १,२०० मेगावॉटचे नदीपात्रातील वीजगृह आहे. तेथून पाणी सुटले की जाताना संथ वाटलेली नदी येताना वेगळीच भेटते. होडीला वेग वाढवायचा तर लागणारी शक्ती त्याच्या अनेक पटींनी वाढते, त्यामुळे उलट्या प्रवाहात बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो. ५ किलोवॉट-तासांची बॅटरी साधारण ५० किलोची असते आणि तिच्यातून मिळणारे काम दीड-दोन लिटर बायोडिझेलइतके असते. तेवढे इंधन जादा कॅनमध्ये सहज नेता येते. दुसरी बॅटरी मात्र घाटाच्या पायऱ्यांवरून चढवणे-उतरवणे आम्हांला जमेना. होडीत वृद्ध यात्रेकरू बसलेले असताना नावाड्याची नजर पाण्याऐवजी आकड्यावर खिळून राहावी, हे मला अखेरपर्यंत खटकत राहिले.

केरळमध्ये ‘आदित्य’ ही सौरऊर्जेवरील ७५ प्रवाशांची बोट २०१७ पासून चालते आहे, हे खरे. पण तेथील खाडीचे पाणी संथ आहे, मार्ग ठरलेला आहे आणि धक्क्यावर वीज आहे. ज्यांची होडी आजवा तलावासारख्या साठलेल्या पाण्यात चालणार असेल, त्यांनी माझे म्हणणे बाजूला ठेवून बॅटरीचाच विचार करावा, हे बरे.

बायोडिझेलच्याही तक्रारी आहेत. ते टाकीतला जुना गाळ सोडवते, म्हणून सुरुवातीला फिल्टर वारंवार तुंबतो. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्याने फुगतात किंवा मऊ पडतात. आणि ते पाणी शोषून घेत असल्याने पावसाळ्यात होडी उभी राहिली की टाकीत बुळबुळीत थर धरतो. पामतेलापासून केलेले असेल तर थंडीच्या पहाटे दाटही होते. त्याची ऊर्जा दर लिटरमागे डिझेलपेक्षा काहीशी कमी असते, परंतु आमच्या वापरात तो फरक जाणवला नाही. जाणवला तो काळ्या धुराचा अभाव. ‘अर्थरेस’ ही बोट २००८ मध्ये शंभर टक्के बायोडिझेलवर ६१ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, त्यामुळे इंजिनाच्या ताकदीविषयी शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही.

बडोद्यात फरसाणाच्या कढयांतून वापरलेल्या तेलाला तोटा नाही. मात्र ते तेल नुसते गाळून टाकीत ओतू नये. मिथेनॉलची प्रक्रिया होऊन ग्लिसरीन वेगळे काढलेले आणि आयएस १५६०७ मानकात बसणारे बायोडिझेलच घ्यावे. इंजिन उत्पादकाची हमी डिझेलमध्ये किती टक्के बायोडिझेल मिसळण्यापर्यंत आहे ते आधी पाहावे, आरंभ २० टक्क्यांनी करावा, आणि नळ्या पहिल्या भरणाच्या आधीच बदलून घ्याव्यात.